धुरा आधी, पाया नंतर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आज सत्काराची शाल अंगावर आहे, म्हणून एक जुनी चूक सांगून टाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे दवनीवाड्यात आपला पाया खोदला, तेव्हा निघालेली माती उतारावरच ढीग करून ठेवली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाऊस लागायच्या आधी खालून बांध घालू." खजिनदार मी. बँकेत पैन्‌पैचा हिशेब ठेवणारा, खर्च वाचवला.

पहिल्याच जोराच्या पावसात ढीग वाहून शेजाऱ्याच्या बांधीत गेला. कोवळे पऱ्हे गाळाखाली दबले, त्याची रोवणी लांबली. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुमी एवढे शिकले, धुरा काहून नाही घातला?"

आपल्या झाडीपट्टीत कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलावांच्या पाळी बांधल्या. पाणी थांबलं की माती खाली बसते, हे त्यांना ठाऊक होतं. बांधकामालाही हाच नियम.

आता नव्या सभागृहाचं काम निघालंय. कमिटीला विनंती : लागेल तेवढीच जागा उकरा, बाकीचं गवत राहू द्या. वरून येणारं पाणी बाजूनं वळवा. मातीवर ताडपत्री टाका. उताराच्या पायथ्याला धुरा आणि नालीच्या तोंडाशी गाळाचा खड्डा करा. खड्डा भरला की उपसा. हे सगळं मिरगाच्या आधी.

या वेळी त्या खर्चावर पहिली सही माझी राहील.