शस्त्रांची खरी नावे, खेळातली नावे



होमिओपॅथीच्या डॉक्टराने, तेही जैन डॉक्टराने, साहित्याच्या व्यासपीठावरून बंदुकांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय बंदुकीचा नाही, नावाचा आहे. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मुले बाकावर बसून मोबाइलवर खेळतात आणि ‘एम ४१६ घे!’ म्हणून ओरडतात. आपल्या नातवंडांच्या तोंडीही हे नाव असेल. जर्मनीच्या हेक्लर उंट कोख कंपनीची ‘एचके ४१६’ ही खरी रायफल आहे. पबजीने कंपनीची आद्याक्षरे काढली, आकडा तेवढा ठेवला.

ही युक्ती जुनी आहे. जेम्स बाँडच्या ‘गोल्डनआय’ या १९९७ च्या खेळात एके-४७ ला ‘केएफ-७ सोव्हिएट’ म्हटले होते. एका बंदुकीचे तर केन लॉब या निन्टेंडोतल्या माणसावरून ‘क्लॉब’ असे बारसे झाले. नाव कंपनीच्या मालकीचे असते. वापरायचे तर परवानगी काढा, पैसे मोजा, नाहीतर कोर्टाची धास्ती बाळगा. आम्हा डॉक्टरांना हे नवे नाही. अर्निका हे नाव कोणाच्याच मालकीचे नाही, बाटलीवर ठळक छापलेले नाव मात्र कंपनीचे!

आजच्या बंदुकीला खेळात खोटेच नाव असावे, या मताचा मी आहे. खरे नाव पोराच्या जिभेवर बसले की बंदूकवाल्याची फुकट जाहिरात होते. मात्र नाव खोटे म्हणून मारणेही खोटे, हे मला पटत नाही. याविषयीची कथा आपल्याच गावची आहे. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या ९५९ सालच्या संस्कृत ग्रंथात उज्जयिनीचा राजा यशोधर आईच्या आग्रहाखातर देवीपुढे पिठाचा कोंबडा मारतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरी मारण्याचा संकल्प खरा होता, म्हणून मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागते. ही कथा सांगून मी पोरांना भिववत नाही. त्यांच्या आईबापांना मात्र सांगतो.

आता जुनी शस्त्रे. त्यांच्या नावांना मालक नाही, परवानगी कोणाची मागायची? म्हणून खेळवाले ती सरसकट उचलतात. ‘डायब्लो’च्या २००१ च्या भागात मुठीत धरून भोसकायचे ‘कटार’ आहे. ‘रॅग्नारोक’ या कोरियन खेळात कटार आणि ‘जमधर’ एकाच यादीत सापडतात. हे दुसरे नाव कल्पनेतले वाटते, पण तेही खरेच. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत अकबराच्या शस्त्रागाराची जी यादी दिली, तिच्यात जमधर आणि कटारा वेगवेगळे आहेत. पुढे १८८० साली लॉर्ड एगर्टन यांचे भारतीय शस्त्रांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. शस्त्रांचे अभ्यासक जी. एन. पंत यांच्या मते, त्या पुस्तकात चित्रांखालच्या नावांची अदलाबदल झाली आणि आडव्या मुठीच्या जमधराला कटार हे नाव चिकटले. आज आपणही त्यालाच कट्यार म्हणतो. थोडक्यात, खेळातले नाव खरे, पण वस्तू कदाचित दुसरीच.

नाव बदलणे नेहमी वाईटच असते असेही नाही. विजापूरची प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी जिभेने तिची ‘मुलूखमैदान’ केली आणि ते नाव सभा गाजवणाऱ्या वक्त्यांनाही बहाल केले. (आजच्या वक्त्याला तो धोका नाही.) अशी नावे कोणी बसून रचत नाही, ती बोलता बोलता घडतात.

राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले तेव्हापासूनची घराणी आपल्या गावात आहेत. खंडेनवमीला कोणाकडे पूजेत तलवार निघते, कोणाकडे पट्टा, कोणाकडे नुसते गंजलेले पाते. त्या वस्तूला आपल्या घरात काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारा. पुस्तकातले नाव नको, घरातलेच हवे. ते चिठ्ठीवर लिहून म्यानाला बांधा, आणि चिठ्ठी नातवाकडून लिहवून घ्या.