गोगलगायीचे विष, वेदनेवरचे औषध

देखण्या शंखात राहणाऱ्या कोनस या सागरी गोगलगायीच्या काही जाती चक्क मासे खातात. एवढ्या संथ प्राण्याच्या तावडीत मासा सापडावा कसा? भाल्यासारख्या पोकळ दातातून ती विष टोचते आणि मासा क्षणात लुळा पडतो. फिलिपिन्समध्ये बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या विषाचा अभ्यास आरंभिला, कारण उपकरणांची वानवा होती, गोगलगायी मात्र मुबलक! पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात मायकेल मॅकिन्टॉश हा शालेय शिक्षण नुकतेच संपवलेला मुलगा त्यांच्याकडे आला. कोनस मॅगसच्या विषातील २५ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड त्याने वेगळे केले. पालकांनी त्याचे वय ध्यानात घ्यावे.

वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पुढे जाण्यास मज्जातंतूंना कॅल्शियमचे एक दार उघडावे लागते; हे पेप्टाइड नेमके तेच बंद करते. त्याची प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिकृती, झिकोनोटाइड, २००४ मध्ये अमेरिकेत संमत झाली. मॉर्फिनसारखे तिचे व्यसन लागत नाही. परंतु हे औषध पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, आणि त्याने कधी भ्रमही होतात. त्यामुळे इतर उपाय थकलेल्या मोजक्याच रुग्णांना ते मिळते. साध्या गोळीतून घेता येईल असे पेप्टाइड घडवण्याचे काम अजून चालूच आहे.