फोटो एकीचा, भावंडं चार



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "परदेशातला माणूस लेकराला दत्तक घेतो म्हणजे घेऊन जातो का गं?" नाही ताई. लेकरू आईजवळच राहतं. दूरचा माणूस दर महिन्याला पैसे पाठवतो, संस्था ते शाळेवर, औषधपाण्यावर खर्च करते. त्याला लेकराचा फोटो आणि पत्र जातं.

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देश आहे. तिथल्या डोंगरात माया लोक राहतात. मक्याची भाकरी खातात, बायका कमरेला माग बांधून कापड विणतात. १९६० ते १९९६ तिथं यादवी युद्ध झालं, त्यात सगळ्यात जास्त मेले ते हेच लोक. १९९२ ला शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू यांच्यातल्याच. लहानपणी त्याही कॉफीच्या मळ्यात राबल्या.

अशा घरात मुलगी शाळेत गेली की तिची मजुरी बुडते. म्हणून हा पैसा मोलाचा. पण फोटो एकीचा, घरात भावंडं चार. नवी वही एकीला, बाकीची बघत बसतात. म्हणून काही संस्था तोच पैसा अख्ख्या गावाच्या पाण्यावर, शाळेवर लावतात.

उद्या आपल्याकडे कोणी असा फॉर्म आणला तर सहीआधी विचारा: पैसा कोणाच्या हातात येणार? किती वर्षं? फोटो कुठं जाणार? गटाच्या वहीत रुपयाचाही हिशोब लिहितो ना आपण, तसाच इथंही मागायचा. मदत घ्यावी, पण लेकराला मिंधं करू नये.