तालुक्याला जागा घ्यायची, तर कुणासंगं आणि कुणाच्या नावावर?

(कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापलं आहे. पाड्याच्या बैठकीत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मधे अडवून विचारावं.)



मागच्या तीन बैठकांत एकच विषय फिरून फिरून आला. तालुक्याच्या गावी एक जागा मिळते आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. भाडं आपल्या एकट्याला झेपणारं नाही. म्हणून तिघांनी मिळून घ्यावी असं बोलणं चाललंय: एक आपली संघटना, दुसरी आरोग्याचं काम करणारी संस्था, आणि तिसरे आपल्याच पाड्यांवरचे कलाकार, म्हणजे कागदावर चित्रं काढणारे आणि तारपा वाजवणारे.

काहींनी सरळ विचारलं, "लढणाऱ्या माणसाला टेबल-खुर्ची कशाला पाहिजे?" विचारायलाच पाहिजे होतं. १९४५ साली टिटवाळ्याला किसान परिषद झाली, पुढे वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तेव्हा कुठली कचेरी होती? गोदूताई परुळेकर पाड्यापाड्यावर झोपडीत राहिल्या. कचेरी होती म्हणून वेठ गेली नाही, माणसं उठली म्हणून गेली. हे आम्ही विसरलेलो नाही.

पण तेव्हा समोर जमीनदार उभा होता. आज समोर कागद उभा आहे. २७ डिसेंबर १९७८ चा सरकारचा निर्णय घ्या. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जो वनजमीन कसतो आहे त्याची जमीन कायम करायची, असं त्यात म्हटलं. मग विचारतात, कसत होतास याला पुरावा काय? आपल्याकडे पुरावा एकच, जंगलखात्याने केलेल्या दंडाची पावती. ज्या पावतीपायी कोंबड्या विकल्या, तीच आज शेताची सोबतीण झाली. आणि ती राहते कुठे? छपराच्या वाशात खोवलेली, बांबूच्या नळीत घातलेली, नायतर लुगड्याच्या गाठीत. वरून धूर, खालून वाळवी, चार महिने पाऊस. पाच पाड्यांवर आम्ही पावत्या बघितल्या, तर कितीतरी पावत्यांवरची तारीखच उडालेली. तारीख उडाली की पावती कशाची?

म्हणून पहिली गरज कोरड्या कपाटाची आहे, खुर्चीची नाही. मूळ कागद तुमचाच. कपाटात ठेवला की त्याची नक्कल आणि पोच तुम्हाला मिळेल, आणि मागाल त्या दिवशी कागद परत.

दुसरी गरज बायांची. कोर्टाची तारीख असली की बाई पहाटे निघते, अंगावरचं पोर घेऊन. साहेब नाही, पुढची तारीख. मग संध्याकाळची एसटी येईस्तोवर ती स्टँडवर बसते. पोराला पाजायला आडोसा नाही, पाणी हॉटेलवाल्याच्या मर्जीने. गाडी चुकली तर रात्र तिथेच. पुरुष कुठेही पडतात, बाईने कुठे पडायचं? पडवीला दार लावलं आणि दोन गोधड्या ठेवल्या तरी हा प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट हे पत्रक. तुमच्या हातातला हा कागद सायक्लोस्टाईलवर निघतो. स्टेन्सिल कापायचं, शाई भरायची, हँडल फिरवायचं. यंत्र सध्या एकाच्या घरात आहे, शाईचे डाग त्याच्या घरकारणीच्या भांड्यांवर. ती बोलत नाही, पण आम्हाला दिसतं. यंत्र एक आणि वापरणारे तिघे झाले तर शाई-कागदाचा खर्चही वाटला जाईल. आरोग्यवाल्यांना हगवणीचं पत्रक काढायचं असतं, कलाकारांना कार्यक्रमाचं.

आता कलाकारांबद्दल जरा सावकाश बोलू, कारण "चित्रवाल्यांचा आपल्या लढ्याशी काय संबंध" असं इथे कुणी तरी म्हणालं.

आपल्याकडे चित्र म्हणजे लग्नाचा चौक. सवासिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा, धवलेरीने गायचं. ते विकायचं काम नव्हतं. मग मुंबईहून माणसं आली, कागद आला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि शहरात वारली चित्राला गिऱ्हाईक झालं. चांगलं झालं. पण पाड्यावरचा पोरगा आज चित्र कसं विकतो? दलाल घरी येतो, दहा चित्रं उचलतो, हातावर नोटा ठेवतो. कुठे विकलं, कितीला विकलं, काही कळत नाही. सही सुद्धा कधी कधी नसते. गवत, लाकूड, डिंक जसा एकेकट्याकडून उचलला गेला तसंच हे. एकेकट्याने विकायचं आणि एकाने सगळ्यांकडून घ्यायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

शिवाय काम करायला जागा नाही. पावसाळ्यात कागद फुगतो, बुरशी धरतो. झोपडीत खिडकी नाही, उजेड दारातून येतो, दारात बसलं तर कोंबडी वरून जाते. (हसू नका, एका मोठ्या चित्रावर कोंबडीचे पाय अजून आहेत, आणि दलालाने ते तसंच नेलं.) या जागेतली पूर्वेची खोली उजेडाची आहे. ती त्यांना मिळाली, आणि विक्रीची एकच वही सगळ्यांनी मिळून ठेवली, तर दलालाला भाव विचारावा लागेल.

त्यांचीही शंका आहे आणि ती रास्त आहे. ते म्हणतात, दारावर संघटनेची पाटी बघून सरकारी प्रदर्शनवाले येणार नाहीत. आणि मोर्चा आला की तारपा वाजवायला आम्हालाच उठवणार. यावर आमचं म्हणणं असं. परळच्या दळवी बिल्डिंगीत गिरणी कामगारांची लाल बावट्याची युनियन बसायची. त्याच चळवळीतून १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक निघालं. गाणं आणि युनियन एकाच घरची. पण अण्णाभाऊंना कुणी पत्रकाचा मजकूर गायला लावला असता तर ते अण्णाभाऊ झाले नसते. म्हणून मोर्चात वाजवायचं की नाही हे वाजवणारा ठरवील. पाट्या तीन लावू, सारख्या मापाच्या.

"आपल्याच गावात का नाही बांधत?" असंही विचारलं. बांधायची हौस आम्हालाही आहे. पण आपली बरीचशी गावं वनजमिनीवर. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्य सरकारलाही दिल्लीची परवानगी लागते. चार खांब रोवले तर उद्या तेच अतिक्रमण म्हणून लिहिलं जाईल. आणि कोर्ट, मामलेदार, दवाखाना हे सगळं तालुक्यालाच आहे.

आता खरी अडचण: जागा कुणाच्या नावावर?

संस्थेचे लोक म्हणाले, "आमची नोंदणी आहे, आमच्या नावावर घेऊ, तुम्ही वापरा." मनाने चांगली माणसं आहेत. पण मन बदललं नाही तरी माणसं बदलतात. आणि कायदा बघा. भाडे कायद्यात, घरमालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला तर मालकाला जागा खाली करून मागता येते. म्हणजे संस्थेच्या नावावर पावती आणि आत आपण, तर मालकाला कुणी फूस लावली की तिघेही रस्त्यावर, आणि कपाटातले कागद कुठे ते देव जाणे. उद्या संस्थेने ती जागा विकत घेतली तरी प्रश्न मिटत नाही. १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टने आपली इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्ताची मंजुरी लागते.

आपली संघटना नोंदवलेली नाही, म्हणून तिच्या नावाने करार होत नाही. वाट दोन. युनियन म्हणून नोंदवायचं, पण मग दर वर्षी हिशेब पाठवावा लागतो. नायतर आपल्यातल्या दोघांची नावं, त्यात एक बाई, संस्थेच्या आणि कलाकारांच्या नावांबरोबर करारात घालायची. आम्हाला दुसरी वाट बरी वाटते. लवकर होते, आणि मालकाने तिघांना ओळखून सही केली असं राहतं.

पैशाचंही स्पष्ट बोलू. संस्थेला थोडा पैसा परदेशातून येतो. त्याला कायदा आहे, केंद्राच्या गृहखात्याकडे नोंदणी आहे, हिशेब तपासायला ते येऊ शकतात. आल्यावर त्यांना आपल्या मोर्च्याचे कागद संस्थेच्या फायलीत दिसायला नकोत, आणि संस्थेच्या पैशाने आपली शाई आली असंही दिसायला नको. म्हणून कपाटं वेगळी, वह्या वेगळ्या, शाईचा वाटा ज्याचा त्याने रोख द्यायचा. भाड्याचे तीन सारखे वाटे नकोत. कलाकारांना पैसा मिळतो तो दिवाळीनंतर, त्यांनी तेव्हा द्यावा. आपला वाटा घरटी वर्षाला एक पायली भात, असं दोन पाड्यांनी आपणहून सुचवलंय.

किल्ली तीन जणांकडे. कागदांच्या कपाटाची मात्र एकच, आणि ती पाड्यांनी निवडलेल्या बाईकडे. दारू पिऊन आलेल्याला, मग तो पुढारी का असेना, पडवीतही जागा नाही. बाजाराच्या दिवशी मोठी खोली आपली, बाकी दिवशी सकाळी आरोग्याची शिकवणी. रात्री बाया मुक्कामाला असल्या तर पुरुषांनी देवळात झोपावं.

एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, "संस्थेचा पैका थांबला तर?" आजी, मग भाड्याचा त्यांचा वाटा आपल्यावर येईल, भात दुप्पट होईल. तेव्हा झेपेल का, हे आताच सांगा. झेपणार नसेल तर एकाच खोलीवर भागवू, कपाट आणि पडवी एवढंच धरून ठेवू.

प्रत्येक पाड्याने तीन गोष्टी ठरवून कळवाव्यात: भात की रोख, करारात नावं कुणाची, आणि कपाटाची किल्ली कोणत्या बाईकडे. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला कबूल झाला आहे.