नावाचा उल्लेख आणि नावाचा गैरवापर

(अहिल्यानगर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



लुना हे नाव आपल्या जिल्ह्यात समजावून सांगावे लागत नाही. ज्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना याच शहरात उभा राहिला, त्या कंपनीची ही छोटी गाडी १९७२ साली बाजारात आली. पुढे कोणतीही मोपेड लोकांच्या तोंडी ‘लुना’ झाली. मात्र नाव कितीही रुळले, तरी ते ज्याचे त्याचेच राहते.

आज सुट्या भागांचा दुकानदार किंवा मसाले करणारा बचत गट मोबाइलवरून देशभर माल विकू शकतो. ग्राहकाला वस्तू हाताळून पाहता येत नाही. तो नाव वाचून पैसे भरतो. अशा वेळी दुसऱ्याचे प्रसिद्ध नाव जाहिरातीत लिहावे काय?

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे कलम ३० याचे उत्तर देते. सुटा भाग कोणत्या यंत्राला बसतो हे सांगण्यापुरता त्या नावाचा प्रामाणिक उल्लेख करता येतो. ‘लुनाला बसणारी ब्रेकची तार, उत्पादक अमुक’ असे लिहिणारा कारागीर गुन्हेगार नव्हे. त्याने विनाकारण भिऊन धंदा बंद करू नये. परंतु ‘लुना’ हीच अक्षरे ठळक छापून, वर कंपनीचे बोधचिन्ह लावून, माल तिचाच असल्याचा भास निर्माण केला, की मर्यादा ओलांडली गेली. नामवंत मसाल्याच्या नावातील एखादे अक्षर बदलून तशाच रंगाचे पाकीट काढणेही याच प्रकारात मोडते.

खोटे व्यापारचिन्ह लावणे किंवा असा माल विकणे यासाठी कलम १०३ व १०४ मध्ये ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. बचत गटाची वर्षांची मेहनत एका पाकिटापायी धोक्यात येऊ शकते.

यापेक्षा स्वतःचे नाव वाढविणे श्रेयस्कर. व्यक्ती व लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.

ग्रामसभेत, शाळेत आणि बचत गटांच्या बैठकीत आपण एवढे अवश्य सांगावे : दुसऱ्याचे नाव माहिती देण्यासाठी घ्यावे, ग्राहकाला फसविण्यासाठी नव्हे, आणि माल आपल्याच नावाने विकावा.