आखाताच्या बॅगेत खसखस नको



घरातलं कुणी नोकरीसाठी सौदीला,
दुबईला किंवा कतारला निघालं,
की आपण मायेनं डबे भरायला घेतो.
लाडू, चिवडा, मसाले.
सगळं द्या.
पण खसखस नको.

खसखस येते अफूच्या बोंडातून.
म्हणून तिकडे ती अमली पदार्थांत मोडते.
आपल्याकडे वाणी जी सहज पुडीत बांधून देतो,
तिच्यापायी तिकडच्या कस्टममध्ये
अटक होऊ शकते.

सुटी खसखस आपण बाजूला ठेवू हो.
पण अनारसे?
त्यांना एका बाजूनं खसखसच लावलेली असते.
डिंकाच्या लाडवात ती असते.
घरच्या मसाल्यात तर
भाजून, कुटून मिसळलेली असते.
दिसतही नाही.
म्हणून ज्यांनी केलं, त्यांनाच विचारा.
खसखस असेल, तर तो डबा घरीच राहू द्या.

औषधांचंही तसंच.
कोडीन असलेलं खोकल्याचं औषध,
ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी,
यांवर तिकडे कडक निर्बंध आहेत.
त्या देशाचे नियम आधी बघा.
डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

आणि दुसऱ्याचं पाकीट?
2019 साली मुंबईचं एक जोडपं
नातेवाइकानं दिलेलं पाकीट घेऊन कतारला गेलं.
दोहा विमानतळावर त्यात चरस सापडला.
10 वर्षांची शिक्षा झाली.
बाळ तुरुंगात जन्मलं.
2021 मध्ये ते निर्दोष सुटले.

पाकीट सख्ख्या नात्यातलं असलं तरी
आपल्या हातानं उघडा,
नीट बघा.
उघडू देत नसतील,
तर घेऊ नका.