खांब पुन्हा त्याच खड्ड्यात नको



शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्रा आठवतो. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली इथली कलमं दूरदूर जातात. पण या बागांचा जीव विजेच्या तारेत अडकलेला आहे, हे एप्रिल-मेमध्ये वावधन सुटलं की कळतं. इथल्या वरूड तालुक्यात बोअरचं पाणी शेकडो फूट खाली गेलं आहे, ते मोटरशिवाय वर येत नाही. वावधनाच्या त्या दिवसांत आंबिया बहाराची फळं लहान असतात. खांब पडून मोटर आठवडाभर बंद राहिली, तर झाडाखाली फळांचा सडा पडतो.

वादळाचा जोर वऱ्हाडानं पाहिला आहे. 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या टिनाच्या शेडवर जुनं झाड कोसळलं आणि सात माणसं गेली. वऱ्हाडाबाहेर, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं रायगडात विजेचे हजारो खांब आडवे केले, तेव्हा इतर जिल्ह्यांतून महावितरणची पथकं तिकडे धावली होती.

खांबावर चढलेला लाईनमन सगळ्यांना दिसतो, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या आधी वावरात उतरणाऱ्या मोजणीच्या माणसाबद्दल. मोठ्या लाईनसाठी सर्व्हेअर यंत्र घेऊन येतो. गावातल्या लाईनसाठी पुष्कळदा अभियंता आणि लाईनमनच टेप धरतात.

11 केव्हीची तार संत्र्याच्या झाडात गुंतून पडलेली असते. मोजणारा आधी विचारतो, "लाईन बंदचं परमिट घेतलं काय?" लाईनमन सांगतो, "घेतलं साहेब, दोन्हीकून अर्थिंग बी केलं." त्याशिवाय पोलादी टेप उघडायचाच नाही. कुणाच्या घरचा जनरेटरसुद्धा बंद लाईनमध्ये उलटा करंट सोडू शकतो. मग दोन्ही टोकांना उभे राहिलेले खांब धरून, मध्ये काठ्या रोवून, एका डोळ्यानं ओळ साधायची, अंतर मोजायचं, खुंट्या ठोकायच्या. खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जायला हवा. उतारावर तारेचा झोळ वेगळा धरावा लागतो. एवढ्यात बागवाला येतो. "भाऊ, खांब धुऱ्यावर घ्या, पण माह्या झाडाले हात नोका लावू."

त्याचं म्हणणं खरं आहे. कित्येक लाईनी पडल्या तेव्हा खाली कपाशी-ज्वारीची मोकळी वावरं होती. आज तिथं बागा आहेत, घरं आहेत. 11 केव्हीची उघडी तार वावरात जमिनीपासून किमान 4.6 मीटर आणि रस्ता ओलांडताना 6.1 मीटर उंच हवी. ही उंची मिळत नसेल, तर घाईघाईनं त्याच जुन्या खड्ड्यात खांब उभा करणं म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी. तात्पुरता पुरवठा जरूर आधी सुरू करावा, पाण्यासाठी तडफडणारी बाग थांबू शकत नाही. पण नव्या मार्गाच्या खुंट्या त्याच आठवड्यात ठोकल्या जाव्यात, असं माझं ठाम मत आहे. एकदा दिवे लागले की तो विषय फायलीत जातो.

अर्थात लाईन धुऱ्यावर किंवा पांदणीच्या कडेला नेली की वळणं वाढतात, प्रत्येक वळणाला ताण द्यावा लागतो, आणि ताणाची तार शेजाऱ्याच्या वावरात उतरते. इथंच भांडण पेटतं. म्हणून दोघाही शेजाऱ्यांना धुऱ्यावर उभं करून, खुंटी त्यांच्यादेखत ठोकणारा माणूस हवा. हे काम नकाशावर होत नाही.

श्रोतेहो, मोजणीवाला आला तर जमिनीखालून गेलेली पाइपलाइन आणि ठिबकची मुख्य नळी कुठं आहे ते त्याला दाखवा, म्हणजे खड्डा खणताना ती फुटणार नाही. पडलेल्या तारेजवळ गुरं-पोरं जाऊ देऊ नका, आणि 1912 वर लगेच कळवा.